देण्याआधीचा अर्ज

कागदी अर्जाचा एक गुण तो हातात होता तोवर कोणाच्या लक्षात आला नाही. तो भरणे आणि तो देणे ही दोन वेगळी कामे होती. खिडकीवरून कोरा अर्ज घ्यायचा, घरी न्यायचा आणि रात्री जेवणे झाल्यावर पेन घेऊन बसायचे. वडिलांचे नाव कोणत्या स्पेलिंगने लागले आहे ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून ताडून पाहायचे. उत्पन्नाच्या रकान्यापाशी थांबायचे, भावाला विचारायचे, पेन्सिलीने आकडा लिहून बघायचा. एखादे उत्तर द्यावेसे वाटले नाही तर रकाना मोकळा ठेवून दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या माणसाला विचारायचे, ‘हे भरलंच पाहिजे का?’ मन बदलले तर अर्ज फाडून टाकायचा. या सगळ्या वेळात सरकारला, बँकेला किंवा विमा कंपनीला त्यातले एक अक्षरही कळत नसे. नमुना त्यांचा असला तरी त्यात भरलेला मजकूर अजून आपला असे. खिडकीच्या गजांतून कागद आत सरकवला की मग तो त्यांचा.

कागदाचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. त्या खिडकीसमोरची रांग, ‘साहेब जेवायला गेलेत’, पाच रुपयांच्या कोर्ट फी स्टँपसाठी पुन्हा चौकापर्यंत चक्कर, हे सगळे ज्यांनी भोगले आहे त्यांना त्याची ओढ वाटण्याचे कारण नाही. माझा रोख आहे तो भरणे आणि देणे यांच्या मधल्या वेळेवर. स्वतःबद्दल काय सांगायचे, किती सांगायचे आणि सांगायचेच का, हे माणूस त्या वेळात ठरवत असतो. खासगीपणाची आपल्याकडची चर्चा बहुतेक दिलेल्या माहितीभोवती फिरते. ती कोण वापरतो, कोणाला विकतो, किती वर्षे ठेवतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. हा कायदाही मुख्यतः माहिती घेणाऱ्याने काय करावे आणि काय करू नये हे सांगतो. म्हणजे माहिती त्याच्या दारात पोचल्यावरची गोष्ट. ती पोचण्याआधीच्या वेळेबद्दल कोणी फारसे बोलत नाही, आणि आपल्या हातून सर्वांत निमूटपणे गेली आहे ती हीच वेळ.

ती वेळ का हवी, हे आयुर्विम्याच्या प्रस्ताव अर्जावरून चांगले दिसते. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, आईवडील कशाने गेले, रुग्णालयात कधी दाखल झाला होतात का, तंबाखू खाता का, आधीच्या पॉलिसी कोणत्या, असे प्रश्न त्यात असतात. आणि तो भरला कसा जातो तेही सर्वांना ठाऊक आहे. एजंट ओळखीचा, बहुधा नात्यातलाच. तो बाहेरच्या खोलीत बसतो, चहा येतो, समोर सासूबाई असतात, मुले इकडून तिकडे करत असतात. आरोग्याचे प्रश्न आले की तोच म्हणतो, ‘सगळं नाहीच ना?’ आणि वरपासून खालपर्यंत ‘नाही’च्या खुणा करून मोकळा होतो. ज्याने मागच्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञाकडून गोळ्या घेतल्या आहेत तो त्या बैठकीत काय बोलणार? ज्या बाईला एकदा क्षयाचे औषध झाले आहे आणि सासरी ते माहीत नाही, ती काय बोलणार? दोघेही सही करतात.

पुढे दावा आला की कंपनी पहिल्यांदा हा अर्ज काढते. विमा कायद्याच्या ४५व्या कलमाने, २०१५च्या दुरुस्तीनंतर, पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला तिच्यावर शंका घेता येत नाही. त्या तीन वर्षांच्या आत मात्र चुकीच्या उत्तरावरून दावा नाकारता येतो. ‘अर्ज दुसऱ्याने भरला, मी नुसती सही केली’ हे सांगणे न्यायालयात फारसे टिकत नाही. मजकूर समजावून न देता सह्या घेतल्या, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या एका आयुर्विमा प्रकरणात मान्य केला नाही. वरच्या दोघांना खोटे बोलायचे नव्हते. एकट्याने बसून खरे लिहायला जागा मिळाली नाही, एवढेच झाले. खासगीपणा म्हटला की लोकांना वाटते काहीतरी दडवायचे असणार. अर्जाच्या बाबतीत बऱ्याचदा उलट घडते. माणसाला एकटे सोडले तर तो अधिक खरे लिहितो.

आता संगणकावरचा अर्ज घ्या. एखाद्या संकेतस्थळावर अर्ज भरायला गेलो की पहिला रकाना मोबाइल नंबरचा. मग ओटीपी. मग पहिले पान, आणि ते पूर्ण भरल्याशिवाय दुसरे पान उघडत नाही. कागदी अर्ज निदान आधी पूर्ण वाचता यायचा. चौथ्या पानावर जात विचारली आहे की कर्जे विचारली आहेत हे पहिले अक्षर लिहिण्याआधी कळायचे. इथे प्रश्न काय आहेत हे कळण्याआधीच आपण नाव, नंबर आणि जन्मतारीख देऊन बसलेलो असतो. तांबड्या ताऱ्याचे रकाने मोकळे सोडता येत नाहीत आणि ‘हे भरलंच पाहिजे का’ असे विचारायला समोर माणूस नसतो. शिवाय घड्याळ चालू असते. जुना दाखला शोधायला कपाटाकडे गेलात आणि जरा वेळ लागला तर परत येईपर्यंत ‘आपले सत्र संपले आहे’. असल्या घाईत माणूस विचार करत नाही, सुटका करून घेतो.

आणि ‘सबमिट’ दाबेपर्यंत तरी मजकूर आपला असतो का? तेही धरून चालता येत नाही. वेबपानावरच्या चौकटीत आपण टाइप करतो ते प्रत्येक अक्षर त्या पानातल्या आज्ञावलीला वाचता येते. ते तिथल्या तिथे बाहेर पाठवायचे की बटण दाबेपर्यंत थांबायचे, हे पान बनवणारा ठरवतो. युरोपातल्या काही संशोधकांनी २०२२ मध्ये एक लाख गर्दीची संकेतस्थळे तपासली. लिहिलेला ईमेल पत्ता बटण दाबण्याआधीच माग काढणाऱ्या कंपन्यांकडे जात होता अशी स्थळे युरोपातून पाहिल्यावर १,८४४ निघाली आणि अमेरिकेतून पाहिल्यावर २,९५०. म्हणजे अर्ज अर्धवट टाकून तुम्ही उठून गेलात तरी पत्ता पोचलेला. कागदावर लिहून फाडून टाकलेली ओळ टेबलापलीकडच्या माणसाला कधी वाचता आली नव्हती. ब्राउझरही यात अगदी निर्दोष नसतो. क्रोममध्ये शुद्धलेखन तपासण्याची ‘वाढीव’ सोय चालू केली तर चौकटीत लिहिलेला मजकूर तपासणीसाठी गूगलकडे जातो; त्या सेटिंगशेजारीच तसे लिहिलेले असते, पण ते वाचतो कोण?

बराच मोठा वर्ग तर स्वतः अर्ज भरतच नाही. सेतू केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र, सायबर कॅफे, कॉलेजच्या नाक्यावरचे ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा फलक लावलेले झेरॉक्सचे दुकान. या मंडळींना नावे ठेवणे सोपे आहे, पण ती नसती तर अर्धा महाराष्ट्र योजनांच्या बाहेर राहिला असता. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली तेव्हा अंगणवाडी सेविकांनी आणि केंद्रचालकांनी जे अर्ज भरले ते त्या बायकांना एकट्याने भरणे शक्यच नव्हते. तरीही त्या दुकानात काय घडते ते पाहावे. आधार, रेशनकार्ड, पासबुकाचे पहिले पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जाते. ते दुकानदाराच्या फोनच्या गॅलरीत जाते, तिथून संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये. अर्ज मोठ्याने विचारत भरला जातो. ‘ताई, घटस्फोटित लिहू की परित्यक्ता?’ हा प्रश्न मागे उभ्या असलेल्या रांगेतली चार माणसे ऐकतात. काम झाल्यावर बाई घरी जातात, कागद तिथेच राहतात. दुकानदार सज्जन असतो, पण त्याचा संगणक सगळ्या गावाचा असतो.

आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक सूचना काढली होती. आधारची प्रत कोणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार अंक दिसतील असे मास्क्ड आधार वापरा, सायबर कॅफेत ई-आधार उतरवू नका, उतरवलेच तर त्या संगणकावरून ती प्रत कायमची काढून टाका. दोनच दिवसांत केंद्र सरकारने ती सूचना मागे घेतली. लोक गैरसमज करून घेतील असे कारण दिले. सूचना गेली, पण तिच्यातल्या कॅफेच्या वाक्यात काय चूक होती हे मला अजून समजलेले नाही.

या सगळ्यावरचा उपाय नवा नाही, आणि महागही नाही. पीडीएफ अर्जात तो १९९६ पासून आहे. जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये आपल्या अ‍ॅडोबी कंपनीत एक टिपण लिहिले: कोणत्याही यंत्रावर बनलेला दस्तऐवज दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा दिसला आणि छापला गेला पाहिजे. १९९३ मध्ये त्यातून पीडीएफ आले. तीन वर्षांनी त्यात भरता येण्याजोग्या रकान्यांची सोय झाली. २००८ मध्ये ते एका कंपनीचे न राहता आयएसओचे खुले मानक झाले, त्यामुळे आज कोणीही त्याचा वाचक कार्यक्रम लिहू शकतो, आणि पुष्कळांनी लिहिले आहेत.

भरता येणारा पीडीएफ अर्ज आतून कसा असतो ते समजून घेण्यासारखे आहे. पानावरचा छापील मजकूर वेगळा आणि रकाने वेगळे ठेवलेले असतात. प्रत्येक रकान्याला एक नाव असते, पानावरची एक जागा असते, आणि एक मोकळी किंमत असते. तुम्ही टाइप करता तेव्हा वाचक कार्यक्रम ती किंमत भरतो आणि पानावर ती कशी दिसेल याचे चित्र तयार करतो. एवढेच. यात इंटरनेटची गरज कुठेही नाही. अर्ज उतरवून घ्या, फोनची किंवा संगणकाची जोडणी विमानात करतो तशी बंद करून ठेवा, आणि चार दिवस सावकाश भरा. संस्थेला अर्ज उघडला हेही कळत नाही. तो पूर्ण झाल्यावर, तुम्ही ठरवाल त्या दिवशी, तुम्ही तो पाठवता. कागदाची ती मधली वेळ इथे जशीच्या तशी परत मिळते. पीडीएफमध्येही ‘पाठवा’ असे बटण ठेवता येते आणि त्याला पत्ता जोडता येतो, हे खरे. पण ते बटण दाबण्याची सक्ती नसते आणि बरेच वाचक कार्यक्रम पाठवण्याआधी विचारतात.

साधने बहुतेकांच्या घरात आधीच आहेत. फायरफॉक्समध्ये २०१३ पासून पीडीएफ वाचणारा कार्यक्रम अंगचाच आहे आणि त्यात आता रकाने भरता येतात. रकाने नसलेल्या अर्जावर मजकूर लिहिण्याची सोयही २०२२ च्या अखेरीस आली. क्रोम आणि एजमध्येही रकाने भरता येतात. मॅकवर प्रीव्ह्यू आहे, लिनक्सवर ओक्युलर. आयफोनच्या फाइल्समध्ये अर्जावर लिहिता येते. अँड्रॉइडवर नाना अ‍ॅप आहेत आणि त्यांत निवड करायची कशी, त्याची कसोटी पुढे येते.

कारण गडबड इथे होते. लोक हे घरातले साधन सोडून ‘पीडीएफ भरा मोफत’ असे शोधतात आणि पहिल्या आलेल्या स्थळावर जातात. तिथे मोठी चौकट असते, फाइल इथे टाका. टाकली की ती फाइल दूरच्या कोणत्यातरी सर्व्हरवर जाते, तिथे उघडते, आणि तुमच्या पडद्यावर दिसते ते तिचे चित्र. तुम्ही घरात बसून परक्याच्या संगणकावर अर्ज भरत असता. खाली हिरवे कुलूप आणि ‘तुमच्या फाइल एका तासात पुसल्या जातात’ असे आश्वासन असते. ते खरे असेलही. तपासायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट फाइल बदलून देणाऱ्या स्थळांबद्दल जाहीर इशारा दिला होता; त्यांतली काही टाकलेल्या फाइलींमधले ओळख क्रमांक आणि बँकेचे तपशील खरवडून घेतात, काही परत दिलेल्या फाइलीबरोबर विषाणूही देतात.

दुसऱ्या जातीची स्थळेही आहेत आणि ती दिसायला हुबेहूब अशीच असतात. त्यांत फाइल कुठेही जात नाही. पानाबरोबर आलेला कार्यक्रम तुमच्याच ब्राउझरमध्ये, तुमच्याच यंत्राच्या बळावर चालतो. फायरफॉक्सचा वाचक कार्यक्रमही याच तंत्राने, जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, म्हणून हे शक्य आहे याबद्दल शंका नको. पण पहिल्या जातीचे स्थळही ‘आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो’ असेच म्हणते. मग ओळखायचे कसे?

पान पूर्ण उघडू द्या. मग इंटरनेट तोडा, फोनवर फ्लाइट मोड, संगणकावर वायफाय बंद. आणि आता खोटी नावे घातलेला एक फालतू अर्ज त्यात टाकून भरून, साठवून बघा. साठवला गेला तर काम तुमच्याच यंत्रावर झाले. चाक फिरत राहिले किंवा ‘जोडणी नाही’ आले तर फाइल बाहेर जाऊ पाहत होती. अ‍ॅपलाही हीच परीक्षा लावावी. परीक्षेत एक पळवाट आहे: एखादा लबाड कार्यक्रम मजकूर धरून ठेवील आणि जोडणी परत आली की पाठवील. म्हणून खरा अर्ज भरताना ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तिच्यात पान येऊ द्यावे, इंटरनेट तोडावे, अर्ज भरून साठवावा, खिडकी बंद करावी आणि मगच इंटरनेट जोडावे. हा सोपस्कार कोणाला अति वाटेल. मुलीच्या वसतिगृहाच्या अर्जाला तो अति आहेही. इच्छापत्राच्या मसुद्याला, वैद्यकीय इतिहासाला, घटस्फोटाच्या कागदाला तो अति नाही.

मराठी माणसाची अडचण मात्र इथून पुढे सुरू होते, आणि ती खासगीपणावरच्या चर्चेत कुठे आढळत नाही. अर्ज इंग्रजीत असेल तर वर सांगितलेले सगळे सुरळीत चालते. मराठीत लिहायला घेतले की रकान्यात मोकळ्या चौकोनांची रांग उभी राहते. पीडीएफच्या मूळ ठरावीक चौदा फॉन्टांत देवनागरी नाही. अर्ज बनवणाऱ्याने रकान्याला देवनागरी फॉन्ट जोडला नसेल तर अक्षर उमटायचे कशातून? फॉन्ट जोडला तरी सुटका नाही. देवनागरीत लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा. ऱ्हस्व वेलांटी मागून टाइप होते आणि पुढे येऊन बसते, रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, क आणि ष मिळून तिसरेच रूप होते. ही जुळणी करणारा भाग बऱ्याच वाचक कार्यक्रमांच्या रकान्यांत अपुरा असतो, आणि ‘कीर्ती’चे पाय मोडून पडतात. त्यात आपल्या कार्यालयांचे कित्येक अर्ज श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत बनलेले. तिथे पडद्यावर मराठी दिसते आणि फाइलीत रोमन अक्षरांचा काला असतो. उरलेले अर्ज म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सचे तिरके स्कॅन, ज्यांत रकाना नावाची वस्तूच नाही, नुसते चित्र. मग माणूस काय करतो? वैतागून पहिल्या सापडलेल्या स्थळावर फाइल टाकतो, नाहीतर सेतूत जातो. खासगीपणा त्याला नको असतो असे नाही. त्याच्या लिपीत तो उपलब्ध नसतो.

तूर्त दोन वाटा आहेत. लिबरऑफिस फुकट मिळते. त्याच्या ड्रॉ या भागात स्कॅन केलेला कोरा अर्ज चित्र म्हणून ठेवायचा, प्रत्येक जागेवर मजकुराची चौकट टाकून युनिकोड मराठीत लिहायचे आणि पीडीएफ करून घ्यायचे. जोडाक्षरे नीट येतात आणि काम घरच्या घरी होते. दुसरी वाट त्याहून सोपी: छापा, हाताने लिहा, स्कॅन करा. स्कॅन करणारे अ‍ॅप प्रती आपल्या सर्व्हरवर ठेवणारे नसावे, तेवढे पाहा. फ्लाइट मोडची परीक्षा त्यालाही चालते.

अर्ज भरून झाला तरी फाइलीची आठवण राहते, हे फार थोड्यांना माहीत असते. भरलेला पीडीएफ साठवताना बरेच कार्यक्रम जुन्या मजकुराला हात लावत नाहीत. बदल तेवढा फाइलीच्या शेवटी जोडतात. पाटी पुसून लिहिण्यापेक्षा हे वहीतली ओळ खोडून खाली नवी लिहिण्याच्या जवळचे आहे. उत्पन्नाच्या रकान्यात आधी एक आकडा लिहून साठवलात आणि दुसऱ्या दिवशी तो बदललात, तर पडद्यावर नवा दिसतो आणि जुना फाइलीच्या पोटात असू शकतो. जाणकार माणूस तो काढून वाचू शकतो. म्हणजे एवढी खटपट करून मिळवलेली विचार करण्याची वेळ आपण अर्जाबरोबर समोरच्याच्या हवाली करतो. उपाय एका मिनिटाचा आहे. पाठवण्याआधी अर्ज ‘प्रिंट’ला द्यावा आणि छापण्याऐवजी ‘पीडीएफ म्हणून साठवा’ निवडावे. जी नवी फाइल निघते तिच्यात रकाने राहत नाहीत आणि आधीची खाडाखोडही राहत नाही. शेवटी जे ठरले ते दिसते तेवढेच. समोरच्याला तुमची उत्तरे सहज बदलता येणार नाहीत, हा वरचा फायदा.

काळ्या पट्टीचेही असेच. आधार क्रमांकावर काळा चौकोन काढून लोक निर्धास्त होतात. चौकोन वर बसतो, खालचे अंक तसेच असतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गाजलेल्या खटल्यात पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदात काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी निवडून दुसरीकडे चिकटवला आणि वाचला. नामांकित वकिलांचे हे झाले. आपण सरळ मास्क्ड आधारच उतरवून घ्यावे. साध्या ई-आधाराला कुलूप असते खरे, पण त्याची किल्ली म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, जी त्याच अर्जाच्या पहिल्या दोन रकान्यांत लिहिलेली असते.

सहीबद्दल थोडेसे. कागदावर सही करून तिचा फोटो अर्जावर चिकटवण्याची पद्धत रूढ झाली आहे. ती फाइल आपल्या यंत्राबाहेर कोणत्याही स्थळाच्या खात्यात ‘पुढच्या वेळेसाठी’ साठवू देऊ नये. बाकी सर्व माहिती बदलता येते किंवा नाकारता येते, हाताची सही बदलायला बँकेच्या चार शाखा फिराव्या लागतात.

आणि ‘आपले यंत्र’ म्हणजे कोणाचे, हा प्रश्न उरतोच. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो नवऱ्याकडे असतो, तिथे बाईसाठी वरचे सगळे पांडित्य व्यर्थ आहे. तिला छापील अर्ज आणि पेन हेच अधिक खासगी. म्हणून ऑनलाइन झाले की कागदी अर्ज बंद करायचे, हे धोरण मला चुकीचे वाटते. ज्यांच्याकडे स्वतःचे यंत्र आहे त्यांनीही ते आतल्या आत काय करते ते पाहावे. विंडोजमधला डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर घरी साठवलेला अर्ज मिनिटभरात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर गेलेला असतो.

सरकारला हे जमत नाही असेही नाही, कारण त्याने ते करून दाखवले आहे. आयकर खाते विवरणपत्रासाठी आपला कार्यक्रम संगणकावर उतरवून देते. तो घरी भरायचा, पाहिजे तेवढे दिवस घ्यायचे, बेरजा पडताळायच्या. शेवटी एक जेसन फाइल तयार होते आणि तेवढीच खात्याच्या संकेतस्थळावर चढवायची. पासपोर्टचा अर्जही काही वर्षे असाच भरता येत होता: पीडीएफ उतरवायचा, घरी भरायचा, तपासून साठवला की निघणारी छोटी फाइल चढवायची. करोडोंचे हिशेब आणि परदेशवारीची ओळखपत्रे या रीतीने चालली. मग उत्पन्नाच्या दाखल्याला, शिष्यवृत्तीला, वसतिगृहाला, भाडेकरूच्या पोलीस पडताळणीला ती चालू नये असे काही कारण दिसत नाही. संस्थेचा यात तोटाही नाही. घरी सावकाश भरलेल्या अर्जात चुका कमी असतात आणि त्रुटीचे पत्र पाठवण्याचे काम वाचते.

हे वाचणारा कोणी कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक, पतसंस्थेचा व्यवस्थापक किंवा सोसायटीचा सचिव असेल तर त्याला एक विनंती आहे. आपल्या संकेतस्थळावरचा तिरका स्कॅन काढून टाका. त्या जागी युनिकोड मराठीतला, देवनागरी फॉन्ट जोडलेला, भरता येणारा पीडीएफ ठेवा, आणि सगळे प्रश्न मोबाइल नंबर न देता आधी वाचता येतील असे करा. लावण्याआधी तो एका साध्या फोनवर इंटरनेट बंद करून उघडा आणि त्यात ‘ज्ञानेश्वर’, ‘कीर्ती’ आणि ‘शेतकऱ्यांचा’ हे तीन शब्द लिहून पाहा. तिन्ही नीट उमटले तरच अर्ज लावा.